कट्टा नेमका कुठे हरवला?

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडलगतच्या एका गल्लीत जुन्या इमारतीची कमरेइतकी कुंपणभिंत होती. २००६ ते २०१२ या काळात आमचा कट्टा त्या भिंतीवर भरत असे. रात्रीच्या लोकलमधून उतरलेला प्रत्येक जण घरी जाण्यापूर्वी तिथे दहा मिनिटे टेके. भेट ठरवावी लागत नसे. पुढे इमारत पुनर्विकासाला गेली, उंच भिंत उभी राहिली, फाटकावर सुरक्षारक्षक आला. आमच्यात भांडण झाले नव्हते, कोणी परगावीही गेले नव्हते. तरीही वर्षभरात भेटी थांबल्या. त्यातल्याच एका मित्राचे वडील गेल्याची बातमी मला चार महिन्यांनी, लोकलच्या डब्यात कळली. भिंत असती तर त्याच रात्री कळली असती.

असे कट्टे ठाण्यापासून कल्याणपर्यंत अनेक गल्ल्यांतून नाहीसे झाले. त्याचे खापर बहुधा मोबाइलवर फोडले जाते. मात्र कारणे त्याआधीची आहेत. कट्टा टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात. बसायला पैसे पडू नयेत, जागा रोजच्या वाटेवर असावी आणि येणारे साधारण एकाच वेळी मोकळे असावेत.

पुनर्विकासाने पहिली गोष्ट हिरावली. जुन्या इमारतींचे ओटे आणि पायऱ्या गेल्या. तळमजल्यावर वाहनतळ आला. पदपथाच्या कडेला दुचाकींच्या रांगा लागल्या. उरला उपाहारगृहाचा पर्याय, पण तिथे एका चहावर तासभर बसता येत नाही.

वस्ती पसरली तशी वाटही बदलली. एकेकाळी बहुतेक डोंबिवलीकर स्थानकापासून घरापर्यंत चालत जात. पलावा किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलात राहणारा माणूस रिक्षा, बस वा स्वतःच्या वाहनाने जातो. वाटेत थांबण्याजोगे त्याला काही लागत नाही. वेळेचेही तेच झाले. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला, नवी मुंबईतील नोकऱ्या जवळ आल्या आणि पाळ्यांचे कामही वाढले. एकाच गाडीने परतणारे मित्र वेगवेगळ्या वेळी परतू लागले.

मग दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर तरुणाईचा महापूर येतो तो कसा? ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवरही तेच दृश्य दिसते. याचे उत्तर त्याच तीन गोष्टींत आहे. त्या पहाटे बहुतेक जण मोकळे असतात, गणेश मंदिराकडे जाणारी वाट एकच असते आणि रस्त्यावर उभे राहायला पैसे पडत नाहीत. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचेही तसेच. १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेली ही प्रथा पुढे अनेक शहरांनी उचलली. २०२० चा पाडवा टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला आला आणि यात्रा निघाली नाही. निर्बंध उठल्यावर २०२२ मध्ये लोक पुन्हा तितक्याच उत्साहाने रस्त्यावर उतरले. भेटण्याची ओढ संपलेली नाही, हेच यातून दिसते. पूर्वी रोज होणारी भेट आता वर्षातून एक-दोनदा होते, इतकेच.

हा फरक मात्र लहान नाही. उत्सवाच्या गर्दीत माणूस दिसतो. त्याच्या घरी काय चालले आहे, ते कळत नाही. ठाण्यात कट्टा याच नावाने व्याख्यानांचे आणि गप्पांचे उपक्रम उभे राहिले, त्यांचे मोल आहेच. परंतु तिथे वक्ता असतो, विषय असतो. आमच्या भिंतीला विषय लागत नसे.

पुनर्विकासाच्या आराखड्यात वाहनांसाठी जागा मोजून राखली जाते. फाटकाबाहेर चार माणसांना टेकता येईल असा एखादा ओटा राखणे अवघड नाही. प्रत्येक गृहसंस्थेने एवढा विचार जरूर करावा.

एका दिवाळीच्या पहाटे तो मित्र फडके रोडवर दिसला. वडिलांविषयी बोलायचे होते. ‘निवांत भेटू’ असे दोघेही म्हणालो, तेवढ्यात मागून गर्दीचा रेटा आला. कुठे भेटायचे, ते ठरलेच नाही.