फुप्फुसांतील वायुविनिमय आणि ऑक्सिमीटरवरील आकडा

इ. स. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर येऊन पोचला होता. त्यावरील आकडा ८५ पर्यंत उतरला असताही रुग्ण कधीकधी स्वस्थपणे बोलत बसलेला आढळे. यंत्रच बिघडले असावे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. पुष्कळदा मात्र यंत्र बरोबर असे. या विसंगतीचे मूळ, रक्त प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड यांचे वहन निरनिराळ्या रीतींनी करते, यात आहे.

समुद्रसपाटीलगतच्या मुंबईत हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७६० मिलिमीटर असून त्यात प्राणवायूचा वाटा सुमारे १५९ असतो. वायुकोशांत बाष्प व कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे तो १०० च्या आसपास येतो; फुप्फुसांकडे येणाऱ्या नीलरक्तात तो ४० असतो. या उतारावरून प्राणवायू केवळ विसरणाने रक्तात शिरतो. फुप्फुसाचे पटल तो स्रवते, हे बोर व हॉल्डेन यांचे मत क्रोघ दांपत्याने १९१० मध्ये खोडून काढले. हॉल्डेन मात्र त्यानंतरही आपल्या मताला चिकटून राहिले.

रक्तद्रवात विरघळणारा प्राणवायू अगदी थोडा, १०० घन सेंटिमीटर रक्तात जेमतेम ०.३, हीमोग्लोबिनशी संयोग पावणारा सुमारे २०. हीमोग्लोबिनची संपृक्तता १०० दाबाला ९७ टक्के, ६० ला ९० टक्के आणि ४० ला ७५ टक्के असते. म्हणजे ९० च्या वर आलेख जवळजवळ सपाट, त्याखाली तीव्र उताराचा. कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याचा मोठा भाग तांबड्या पेशींतील विकराच्या साहाय्याने बायकार्बोनेटच्या रूपाने वाहिला जातो, त्याचा आलेख नेहमीच्या दाबांत सरळ रेषेजवळ राहतो, आणि तो प्राणवायूच्या सुमारे वीसपट सुलभतेने पटलातून पार होतो. म्हणून त्याला ५-६ मिलिमीटरचा दाबफरकही पुरतो.

न्यूमोनियात काही वायुकोश द्रवाने भरले, की त्यांवरून जाणारे रक्त जसेच्या तसे पुढे जाते. श्वासाचा वेग वाढल्यास उरलेले निरोगी वायुकोश जास्तीचा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून भरपाई करतात. प्राणवायूची तूट मात्र त्यांना भरून काढता येत नाही, कारण त्यांवरून जाणारे हीमोग्लोबिन आधीच संपृक्त असते. गुदमरल्याची जाणीव मुख्यत्वे कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. प्राणवायूचा दाब ६० च्या खाली गेल्यावर श्वसनकेंद्राला जी हाक पोचते, तीही कार्बन डायऑक्साइड कमी असल्यास मंदावते. त्यामुळे आकडा घसरतो आणि रुग्णाला फारसे काही जाणवत नाही.

त्याच एप्रिलमध्ये पवईच्या आय. आय. टी. ने नत्रवायूच्या संयंत्रातील कार्बनी चाळणीऐवजी झिओलाइट वापरून, ३.५ वातावरण दाबाने, ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळतो, हे दाखविले. असा वायू अर्धवट उघड्या वायुकोशांतील दाब वाढवून त्यांवरून जाणारे रक्त संपृक्त करू शकतो. पूर्ण भरलेल्या वायुकोशांना त्याचा उपयोग नाही, कारण तेथे तो पोचतच नाही. अशा रुग्णास पालथे निजविले, की पाठीकडील दबलेले वायुकोश काही अंशी उघडतात.