ट्रॅक्टर घेताय? डीलरचा शब्द आधी कोटेशनवर घ्या

घोड आणि भीमेकाठच्या शिरूर, दौंड तालुक्यांत ऊसशेतीमुळे ट्रॅक्टर ही गरज झाली आहे. पण खरेदीनंतरचे वाद अनेकदा तोंडी बोलण्यातूनच होतात. ते कसे टाळायचे?

किंमत कोणती?
विमा, नोंदणी, हूक, बंपर, हूड यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. जुना ट्रॅक्टर बदल्यात देत असाल, तर त्याची ठरलेली रक्कमही लिहा. शेतीच्या ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. करापूर्वीची किंमत ८ लाख असेल, तर कर ९६ हजार नव्हे, ४० हजार रुपये होतो.

अनुदान मिळेल का?
‘आधी ट्रॅक्टर न्या, अनुदानाचं नंतर बघू’ यावर विसंबू नका. महाडीबीटीवर निवड झाल्यावर कृषी विभागाची पूर्वसंमती मिळते. खरेदी त्यानंतरच करायची असते.

ताबा कधी घ्यावा?
किमान तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय नाही. चासी आणि इंजिन क्रमांक बिलाशी जुळवा.

वाद झालाच तर?
डीलरला लेखी तक्रार देऊन पोच घ्या, प्रत कंपनीला पाठवा. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी कायद्याने ग्राहक ठरतो. त्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तिथे कोटेशन, पावत्या आणि बिल हेच पुरावे कामी येतात.