गतीचे दप्तर कोणाच्या घरी?

सामाईक विहीर सुप्याच्या श्रोत्यांना समजावून सांगावयास नको. चार भाऊ, एक मोटार, पाळ्यांची एक वही. आणि ती वही थोरल्याच्या घरी. संगणकातही पुष्कळदा असेच असते. काही प्रोसेसरांचा ठोका सामाईक असतो. एकाची गती बदलली की साऱ्यांची बदलते. म्हणून लिनक्स प्रणालीचा गाभा अशा गटामागे एकच दप्तर ठेवतो. किमान गती किती, कमाल किती, ती कोणत्या नियमाने ठरवावयाची, हे सारे त्यात.

पूर्वी हे दप्तर गटातील एका प्रोसेसरच्या घरी असे. इतरांच्या दारी तिकडे बोट दाखविणारी पाटी. आता तोच प्रोसेसर काढला तर? दप्तर दुसऱ्याकडे हलवावे लागे, नाही तर उरलेल्या पाट्या ओसाड घराकडे बोट दाखवीत राहावयाच्या. सारा गटच बंद झाला तर नोंदींचा इतिहास पुसला जाई. लॅपटॉप निजविताना एक सोडून सारे प्रोसेसर बंद होतात. त्यासाठी तर निराळीच तजवीज करावी लागे.

2015 साली लिनारो संस्थेतील अभियंते विरेश कुमार यांनी प्रथम एवढेच केले, की प्रोसेसर नुसता बंद झाला तर दप्तर हलवावयाचे नाही. पण तो समूळ काढला तर प्रश्न उरेच. म्हणून त्याच वर्षी त्यांनी दप्तर थेट चावडीवर नेले. गटागणिक स्वतंत्र जागा. घरोघरी केवळ पाट्या. हलविण्याची रीत सुधारत न बसता हलविण्याची गरजच काढली, ही मला यातली खरी हुशारी वाटते. प्रोसेसर गेला, तर त्याची पाटी तेवढी उतरावयाची.

त्या जागेच्या नावात मात्र गटातील पहिल्या प्रोसेसरचा क्रमांक अजून असतो, वाड्याला मूळ पुरुषाचे नाव राहावे तसा.