कुडकुडणं थांबलं, तर घाबरा

माधवनगर ते कास, दीडशेच्या आसपास किलोमीटर, चार सायकली, धो-धो पाऊस. चढताना काही वाटलं नाही, अंग तापलेलंच असतं. गंडलो यवतेश्वर घाट उतरताना. उतारावर पाय थांबले की शरीराचा हीटर बंद, त्यात ओल्या जर्सीवर वारा. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढतं राव!

आमच्यातला एक कुडकुडायचा थांबला. वाटलं, बरं झालं. पण उलटंच होतं. शरीराचं तापमान 35 अंशांच्या बरंच खाली गेलं की कुडकुडणंही बंद पडतं. त्याची जीभ अडखळत होती, ब्रेकवर बोटं वळेनात. टपरीत ओले कपडे काढले, कोरडा शर्ट घातला, गोड चहा पाजला आणि टेम्पोतून थेट साताऱ्याच्या दवाखान्यात. आता प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा बनियन घेतल्याशिवाय मी निघत नाही.