नव्या मत्स्यतळ्यातील पाण्याची जोपासना

सिंचनासाठी शेततळ्यात साठविलेल्या पाण्यावर मत्स्यपालनाचे जोडउत्पन्न घेणारे शेतकरी आज महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत. तळे खोदून होते, पावसाळ्यात भरते आणि लागलीच मत्स्यबीज आणून सोडले जाते. पुढे एखाद्या पहाटे मासे मरून तरंगताना आढळतात व बीजच खराब निघाले असा समज होतो. पुष्कळदा खरे कारण पाण्यात असते. पेरणीपूर्वी जमीन तयार करावी लागते, त्याचप्रमाणे बीज सोडण्यापूर्वी पाणी तयार करावे लागते.

चुना व शेण

नव्या तळ्याच्या मातीत सेंद्रिय द्रव्य अल्प असते. प्रथम तळाशी दर गुंठ्यास २ ते ३ किलो चुना पसरावा. कोकणातील जांभ्या, आम्लधर्मी जमिनीत तो अधिक लागतो, चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत कमी पुरतो. म्हणून माती तपासून प्रमाण ठरवावे. पाणी आत घेताना बारीक जाळी लावावी, म्हणजे बाहेरचे हिंस्र मासे शिरणार नाहीत. फवारणी झालेल्या शेतातील पाणी तळ्यात येऊ देऊ नये.

चुन्यानंतर आठवड्याने दर गुंठ्यास २० ते ३० किलो ताजे शेण पाण्यात कालवून टाकावे. सुमारे दोन आठवड्यांत पाण्यास फिकट हिरवी छटा येते. ही छटा प्लवंगांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची असते. कटला, रोहू या माशांचे ते नैसर्गिक खाद्य होय.

पाण्याची परीक्षा

हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळव्याकडे पाहावे. तळवा स्वच्छ दिसल्यास खाद्य कमी आहे असे समजून थोडे शेण द्यावे. कोपर बुडण्याच्या बऱ्याच आधी तळवा दिसेनासा झाल्यास व पाणी गर्द हिरवे असल्यास शेण तत्काळ बंद करावे. पाणी मातीने गढूळ असेल तर ही परीक्षा फसते. अशा वेळी गाळ बसण्याची वाट पाहावी. पाण्याचा सामू ७.५ ते ८.५ असावा.

पहाटेचा धोका

हिरवे प्लवंग दिवसा सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. रात्री मात्र माशांप्रमाणे तेही तो वापरतात. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी जितके गर्द, तितकी ही घट मोठी. त्यातच आभाळ भरलेले राहिले, किंवा न खाल्लेले खाद्य तळाशी कुजू लागले, तर एका रात्रीत तळे रिकामे होऊ शकते. खाद्य कुजल्याने अमोनियाही वाढतो. म्हणून माशांच्या अंदाजी एकूण वजनाच्या शेकडा २ ते ३ इतकेच खाद्य द्यावे व ढगाळ दिवसांत ते कमी करावे.

पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसल्यास खाद्य व शेण थांबवावे. पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून उंचावरून परत तळ्यात पाडावे. शक्य असल्यास ताजे पाणीही सोडावे. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही उंचावरूनच पाडावे.

प्लॅस्टिक अस्तराची तळी

अस्तराच्या तळ्यात पाण्याचा मातीशी संबंध येत नाही. घाण सामावून घेण्यास माती नसते. तेथे शेण पोत्यात भरून पाण्यात टांगावे, म्हणजे पाणी गर्द होताच पोते काढता येते. अस्तर अतिशय निसरडे असते. आत पडलेल्या माणसास वर येता यावे यासाठी चारही बाजूंना दोर पक्के बांधून ठेवावेत.

बीज सोडताना

बीजाची पिशवी १५ ते २० मिनिटे तळ्यात तरंगत ठेवून नंतर तीत थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळावे. बीज आपण होऊन बाहेर पडू द्यावे. दर गुंठ्यास ५० ते ७५ बोटुकली पुरेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नव्या तळ्यास पहिली भेट शक्यतो सूर्योदयापूर्वी द्यावी आणि पाण्याचा रंग व माशांची हालचाल यांची रोज नोंद ठेवण्याची सवय शेतकऱ्यास लावावी. दुपारी निर्धोक दिसणारे पाणी आपली खरी स्थिती पहाटे दाखविते.