विश्लेषण : घरकुल मंजूर, पण बांधायचे कोणत्या जागेवर?

गावात घरकुलांची यादी लागते, मंजुरीपत्रे वाटली जातात. तरीही काही नावे वर्षानुवर्षे 'प्रलंबित'च्या रकान्यात राहतात. कारण अनुदान मिळते ते घर बांधण्यासाठी आणि या कुटुंबांच्या नावावर जागाच नसते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या अडचणीला कृष्णेच्या पुराची आणि पाटणच्या दरडींचीही जोड आहे. बेघर होण्यापासून लोकांना वाचवण्यासाठी स्थानिक यंत्रणेच्या हाती नेमके काय आहे?

घरकुलाला किती पैसे मिळतात?

इंदिरा आवास योजनेच्या जागी २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली. त्यात सपाट भागासाठी १ लाख २० हजार, तर डोंगराळ व दुर्गम भागासाठी १ लाख ३० हजार रुपये मिळतात. घर किमान २६९ चौरस फुटांचे हवे. शौचालयासाठी १२ हजार रुपये आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी वेगळी. मूळ अनुदान २०१६ पासून तेवढेच आहे. सिमेंट, सळई आणि गवंड्याची मजुरी मात्र वाढत गेली. म्हणून राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरील सौर यंत्रणेसाठी आहेत. नव्या वाळू धोरणात लाभार्थ्याला ५ ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूदही आहे.

जागा नसेल तर काय?

इथे खरी परीक्षा ग्रामपंचायत आणि पंचायत समितीची असते. मार्ग दोन. पहिला, पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना. तिच्यातून ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घेण्यासाठी पूर्वी ५० हजार रुपये मिळत, आता ही मर्यादा १ लाख आहे. मात्र रस्त्यालगतच्या किंवा शहराजवळच्या गावांत एवढ्यात जागा मिळणे अवघडच.

दुसरा मार्ग आहे सरकारी जागेवरचे जुने राहते घर नियमित करून घेण्याचा. १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे ठरावीक अटींवर नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे. गायरानावरच्या घरांचे गणित मात्र वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश राज्यांना दिले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना दिलेले पट्टे यांसारख्या अपवादात्मक बाबींनाच त्यात सवलत आहे. त्यामुळे एकाच गावात एकाचे घर नियमित होते आणि शेजाऱ्याला नोटीस येते. फरक पडतो तो जमीन कोणत्या प्रकारची आहे यावर.

शहरात काय व्यवस्था आहे?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कुठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर घर बांधण्यासाठी अडीच लाखांपर्यंत मदत मिळते. पण इथेही 'स्वतःची जागा' हीच अट. झोपडपट्टीतल्या कुटुंबाकडे नेमकी तीच नसते.

यावर सांगलीत वेगळा प्रयत्न झाला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने केंद्राच्या आयएचएसडीपी योजनेतून पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेला सोबत घेऊन झोपडपट्ट्यांचे नकाशे तयार केले, घरोघरी पाहणी केली. एकेक वस्ती सुटी न पाहता सगळ्या शहराचा एकत्र विचार केला. यामागचे कारण साधे आहे. मजुरी, धुणीभांडी, भाजीची हातगाडी हे सगळे वस्तीच्या आसपास चालते. घर शहराबाहेर दिले, तर रिक्षाभाड्यातच कमाई संपते आणि कुटुंब पुन्हा जुन्या जागी येते.

ज्यांना छप्परच नाही, त्यांचे काय?

फलाटावर, मंदिराच्या ओवरीत, पुलाखाली राहणाऱ्यांसाठी लाखभर लोकसंख्येमागे एक बारमाही निवारा केंद्र असावे, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. सांगलीत महापालिकेचे 'सावली' निवारा केंद्र आहे. तिथे येणाऱ्यांत घरच्यांनी सोडलेले वृद्ध आणि मानसिक आजारीही असतात. त्यांना खाटेइतकीच गरज असते ती ओळखपत्राची, औषधांची आणि घरचा पत्ता शोधून देणाऱ्याची. आधार कार्ड नाही, म्हणून रेशन नाही, पेन्शन नाही. हे चक्र निवारा केंद्रातूनच तुटू शकते.

पूर आणि दरडीचा धोका किती?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. तेव्हा घर पूर्ण पडलेल्या कुटुंबांना भाड्यासाठी ग्रामीण भागात २४ हजार आणि शहरात ३६ हजार रुपये जाहीर झाले. बेघर होणे टाळणारी हीच खरी मदत; घर उभे राहीपर्यंत डोक्यावर छप्पर राहते. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. त्या वर्षी पूर्ण पडलेल्या घरासाठी राज्याने दीड लाख रुपये जाहीर केले.

पण पैसे मिळाले, तरी बांधायचे कुठे? निळ्या पूररेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि गरिबाला परवडणारी जागा बहुतेकदा तिथेच असते.

लाभार्थ्याने काय पाहावे?

यादीत नाव आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, जमीन गावठाणातली आहे की गायरान, हे आधी तपासावे. जागा नसेल, तर जागा खरेदी योजनेचा अर्ज पंचायत समितीत द्यावा आणि पोच घ्यावी. बांधकामाचे पुढचे हप्ते टप्प्याटप्प्याने, काम पाहूनच मिळतात, हेही लक्षात ठेवावे.

ग्रामपंचायती आणि पालिकांसाठी धडा एवढाच : घरकुलांच्या उद्दिष्टाआधी जागांची यादी तयार हवी. ती नसेल, तर मंजुरीपत्र हा नुसता कागद राहतो.