कोपऱ्यातला पकडपटू कसा घडतो

ऑगस्ट २०१७ मध्ये बंगळुरू बुल्सचे घरचे सामने नागपुरात, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात झाले आणि विदर्भातल्या पोरांना प्रो कबड्डी आपल्याच गावात बघायला मिळाली. टाळ्या चढाईला पडतात, पण संघ तरतो तो पकडीवर. त्यातही दोन्ही कोपऱ्यांवर.

गुणांचा हिशेब तसा बचावपटूच्या विरोधातच आहे. चढाईपटू एका दमात तिघांना टिपून तीन गुण नेतो. पकडीत चौघे तुटून पडले तरी गुण एकच, आणि तो सहसा पहिला हात घालणाऱ्याच्या नावावर लागतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड साधली तरच ती ‘अव्वल पकड’ ठरते आणि दोन गुण मिळतात. पकड सुटली, तर अंगाला लागलेले सगळे बाद. म्हणून कोपऱ्याचा गडी ताकदीइतकाच धीराचा लागतो.

एक चढाई नीट बघू. वेळ ३० सेकंद. समोर सहा-सात गडी असले की चढाईपटूला बोनसचा मोह होतो. बोनस रेषा मध्यरेषेपासून पावणेपाच मीटरवर. डावा कोपरा शेजारच्याचा हात धरून साखळीत उभा; गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. नजर पायांवर, कारण चेहऱ्याने आणि खांद्याने हूल देता येते. बोनससाठी एक पाय रेषेपलीकडे टेकला की दुसरा हवेत असावा लागतो, म्हणजे सगळं वजन एकाच पायावर येतं. तेवढ्यात कोपरा झेपावतो, दोन्ही हातांनी घोटा आवळतो आणि पाय जमिनीवरून उचलतो. डोकं बाहेरच्या अंगाला ठेवायचं, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. लगेच मध्यरक्षकाने येऊन धडक द्यायची. तो क्षणभर उशिरा आला, तर दांडगा चढाईपटू कोपऱ्याला मध्यरेषेपर्यंत फरफटत नेतो. पकड एकट्याची नसते ती अशी.

हे टायमिंग वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगात मुरतं. नागपूरचा पोरगा मंडळ, मग जिल्हा, मग विदर्भ अशा पायऱ्या चढतो. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. पुढे पोलीस, रेल्वे किंवा एखाद्या कंपनीतली नोकरी मिळाली, तरच खेळ टिकतो. बोटं, खांदा, गुडघा यांची दुखणी सोबतीला असतातच. ठाणे जिल्ह्यातल्या गिरीश इर्नाकने डाव्या कोपऱ्यावरूनच नाव कमावलं. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला राष्ट्रीय विजेतेपद जिंकणाऱ्या महाराष्ट्र संघात तो होता आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही. त्याच वर्षीच्या लिलावात इराणच्या फझल अत्राचलीसाठी यू मुंबाने एक कोटी रुपये मोजले. तोही डावा कोपराच.

तरीही आपल्याकडे अनेक मंडळांत ज्याला चढाई जमत नाही, त्याला कोपऱ्यात उभं करतात. प्रशिक्षकांना कळकळीची विनंती आहे : चौदा-पंधराव्या वर्षीच धीराचा, चपळ पोरगा हेरून कोपऱ्यासाठी निवडा आणि त्याच्या शेजारचा जोडीदार दर सामन्याला बदलू नका.